अंगठ्याचा खळगा

आमचं आडनाव पोतदार. कुठल्या तरी राजाच्या खजिन्यात बसून आमचे पूर्वज नाणं दगडावर वाजवायचे आणि खरं की खोटं ते सांगायचे. त्यांच्याच वंशातली मी, केतकी पोतदार, साताऱ्यात शनिवार पेठेत दुकान थाटून खोटी नाणी विकते. राजरोस विकते. भिंतीवर परवाना टांगलेला आहे. त्यावरच्या फोटोत मी अट्टल चोर दिसते, पण ती फोटोवाल्याची करणी, माझी नव्हे.

मी "खोटी नाणी" म्हटलं की माझा धाकटा भाऊ उन्मेष कावतो. "ताई, प्रतिकृती म्हण गं. कुणी ऐकलं तर?" त्याचंही बरोबर आहे. तो पुण्याला नाणी प्रमाणन कार्यालयात अधिकारी आहे. बहीण नकला करणार आणि भाऊ नकला पकडणार, असं आमचं घर. बाबा होते तोवर यावर पोट धरून हसायचे.

पूर्वी जुन्या नाण्याची नक्कल करणं कठीण होतं आणि पकडणं सोपं. ओतलेल्या नाण्याच्या कडेला शिवण दिसायची, वजन चुकायचं, वर चढवलेला हिरवा गंज नखाने निघायचा. त्यामुळे कायद्यालाही फार डोकं लावावं लागत नव्हतं. नक्कल म्हणून विकली तर धंदा, अस्सल म्हणून विकली तर फसवणूक. मग थरयंत्र आलं आणि सगळाच घोळ झाला.

थरयंत्राचे दोन भाग असतात. पहिला नाणं वाचतो. प्रकाशाने वरचा प्रत्येक ओरखडा आणि क्ष-किरणांनी आतला प्रत्येक बुडबुडा, कुठे शिसं जास्त, कुठे जस्त कमी, हे सगळं तो टिपून घेतो. दुसरा भाग लिहितो. केसाच्या जाडीचे कितीतरी भाग केले तर जेवढा एक भाग होईल, तेवढ्या पातळ थरांत धातू पसरत, वितळवत, एकावर एक चढवत तो तेच नाणं पुन्हा उभं करतो. वर तेच क्षार देऊन तोच गंज चढवतो. धातू कुठला घ्यायचा? तर त्याच काळातली, अक्षरं पार गेलेली तांब्याची नाणी भंगारात किलोवर मिळतात, ती वितळवायची. म्हणजे तांबं त्याच काळातलं आणि झीज त्याच नाण्याची. प्रयोगशाळेत न्या नाहीतर आणखी कुठे, उत्तर एकच येतं: अस्सल.

म्हणून सरकारने खुणेचा कायदा केला. प्रतिकृती करा, विका, आमची हरकत नाही, पण प्रत्येक नाण्यावर वर्तुळातलं "प्र" हे अक्षर ठोकलेलं पाहिजे. तेही नुसतं दिसून चालणार नाही, बोटाला लागलं पाहिजे, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही कळेल. खूण पुसट झाली तर मालकाने पुन्हा ठोकून घ्यायची. खूण नसलेली प्रतिकृती सापडली तर करणाऱ्याला तुरुंग. कायदा चांगलाच आहे. मी स्वतः त्याच्या बाजूने व्यापारी संघाच्या सभेत टेबल बडवून बोललेली आहे.

यंत्र दुकानात आलं तेव्हा त्याची चाचणी घ्यायला मला एक नाणं हवं होतं. बाबा समोरच बसले होते. त्यांनी खिशातून आपली शिवराई काढून दिली.

ही शिवराई म्हणजे बाबांचा अवयवच. पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले त्या आधीपासून ती त्यांच्या खिशात होती. विचार करताना, कुणाचं ऐकताना, बसची वाट बघताना, ते ती बोटांत धरून उजव्या अंगठ्याने चोळत राहायचे. तिच्यावरचं "श्री राजा शिव" एवढं झिजलं होतं की वरचा "श्री" तेवढा उरला होता. खाली अंगठ्याच्या आकाराचा खळगा. जरासा तिरका, कारण बाबांचा अंगठा लहानपणी दारात सापडून तिरका झालेला. बाजारात त्या नाण्याला काही मोठा भाव नव्हता. मी तिचं स्कॅन घेतलं, एक प्रत काढली, खूण ठोकली आणि बाबांना दोन्ही दाखवल्या.

बाबांनी दोन्हीवर अंगठा फिरवला आणि खूण नसलेली खिशात टाकली. "ही माझी. तुझी तू वीक."

ते स्कॅन यंत्रात तसंच राहिलं.

बाबा गेल्यावर ती शिवराई आईने घेतली. तेव्हा तिचा विसराळूपणा नुकताच सुरू झाला होता आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो. पुढे डॉक्टरांनी त्याला त्याचं खरं नाव दिलं. आधी तिचं भाजीतलं मीठ चुकलं, मग वार, मग माणसं. उन्मेष रविवारी पुण्याहून यायचा तेव्हा ती त्याला "बसा ना" म्हणायची. त्याने आईला तसं कधी जाणवू दिलं नाही. खाली दुकानात येऊन मात्र तो गल्ल्यामागे भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

पण शिवराई हातात असली की आई जागेवर असायची. खळग्यात अंगठा घालून चोळत बसायची आणि विचारलं की सांगायची, "ही यांची." हे कोण, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते ऑफिसला गेलेत, एवढंच तिचं म्हणणं. बाबा वारल्याचं मी सुरुवातीला तिला सांगत असे. प्रत्येक वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी कोसळायची. मग मी सांगणं सोडून दिलं. एका बाईला किती वेळा विधवा करायचं?

एक दिवस शिवराई हरवली.

आईने घर डोक्यावर घेतलं. तिला सांभाळायला येणाऱ्या लताबाई आणि मी, आम्ही तांदळाचा डबा उपसला, गाद्या उलट्या केल्या, देव खाली घेतले, मोरीचं जाळं काढून हात घातला. नाहीच. आई दारात उभी राहून जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होती, "आमचे हे दिसले का हो?" दुसऱ्या दिवशी तिने जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. तोवर निदान माझ्या बाबतीत तसं झालं नव्हतं.

मी दुकानात गेले, स्कॅन काढलं, यंत्र लावलं. प्रत निघाली, नियमाप्रमाणे खूण ठोकली आणि वर आणून आईच्या हातात ठेवली.

तिने अंगठा फिरवला. चेहरा उजळता उजळता थांबला. अंगठा पुन्हा खुणेच्या खरबरीत कडेवर गेला.

"ही यांची नाही," ती म्हणाली. "हिला भात लागलाय." आणि तिने ती कोपऱ्यात भिरकावली.

मी खाली जाऊन दुसरी केली. खूण ठोकायचा पंच हातात घेतला, खूप वेळ तसाच धरला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सभेत टेबल बडवणारी बाई कुठे गेली होती कोण जाणे. वर आणून ती शिवराई आईला दिली. आईने अंगठा फिरवला, हसली आणि म्हणाली, "आलात? केवढा उशीर!"

मग शांतपणे जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःख होतं की सुटका झाल्याचं रडू होतं, ते मला सांगता येणार नाही.

पण ज्या आजाराने शिवराई एकदा हरवली, तो काही थांबला नव्हता. आई ती कुठेतरी "नीट" ठेवायची आणि कुठे ते विसरायची. पुन्हा तोच कल्लोळ, पुन्हा मी खाली. पुढे पुढे तर मी शोधणंही सोडलं. शोधण्यापेक्षा करणं सोपं होतं. अशा खूण नसलेल्या चार शिवराया मी केल्या. घराबाहेर तर काही जात नाही ना, असं मी स्वतःला समजावत होते.

संक्रांतीनंतरची गोष्ट. लताबाईंच्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं म्हणून त्या लवकर गेल्या. तासाभराचाच प्रश्न होता आणि दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी खालीच राहिले. गिऱ्हाईक आटपून जिना चढले तर वरून आमच्या इमारतीतल्या बायका उतरत होत्या. कपाळाला हळदीकुंकू, मुठी मिटलेल्या आणि चेहरे कसनुसे झालेले.

"केतकी," जगताप काकू माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "आईंनी आम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं गं. दारोदार फिरून बोलावलं. वाण लुटलं. आता त्यांना कसं नाही म्हणायचं? आम्ही आपलं घेतलं."

घरात आई उभी होती. तिने लग्नातला शालू काढून नेसला होता, उलटा का होईना. कपाळावर कुंकवाचा मळवट भरला होता. पाटावर हळदीकुंकवाचा करंडा आणि चहाच्या बशीत साखर, कारण तिळगूळ कुठून आणणार?

"चांगलं झालं गं हळदीकुंकू," ती म्हणाली. "सगळ्या आल्या. हे यायच्या आत आवरू दे मला."

बाबांना जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले. पुसायचा धीर झाला नाही. तिने मलाही हळदीकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. तिच्या दुसऱ्या हातात शिवराई होती. बायकांच्या मुठीत काय होतं, ते मी पाहिलं नाही. सुपारी असेल, एखादा रुपया असेल, असं वाटलं.

महिनाभराने भर दुपारी उन्मेषचा फोन आला. तो एरवी दुपारी फोन करत नाही.

"ताई, दुकानात कुणी आहे?"

"नाही. का रे?"

"एक सांग." त्याचा आवाज पार कोरडा होता. "बाबांचा अंगठा दोनदा कसा उठला?"

मला आधी काही समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात साताऱ्यातून दोन शिवराया विकायला आल्या होत्या, वेगवेगळ्या घरांतून. कार्यालयाची प्रणाली बाजारातल्या नाण्यांच्या झिजेची आपसांत तुलना करत असते. एका साच्यातली हजार नाणी असतील, पण सारखी झिजलेली दोन नाणी जगात असू शकत नाहीत. झीज म्हणजे त्या नाण्याचं आयुष्य, आणि ते एकदाच होतं. प्रणालीने लाल खूण केली आणि प्रकरण ज्याच्या टेबलावर आलं, तो उन्मेष पोतदार.

"मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं," तो म्हणाला. "तिरका खळगा, वर नुसता 'श्री'. शेजारी शेजारी दोन. ताई, माझा हात आपोआप पुढे गेला गं. त्या काचेवर मी अंगठा ठेवून बसलो होतो. शेवटी शिपाई म्हणाला, साहेब, चहा गार होतोय."

मी त्याला सगळं सांगितलं, हळदीकुंकवाच्या त्या मिटलेल्या मुठींसकट.

दुसऱ्या दिवशी तो सरकारी गाडीने आला. मला म्हणाला, "आज मी तुझा भाऊ म्हणून आलेलो नाही," आणि मग घोटभर पाणीही न पिता चौकटीत उभा राहिला. मी मनात म्हटलं, गाढवा, मग डोळे का पुसतोयस?

कायद्यात एक पळवाट होती आणि त्याने ती रात्रभर शोधून आणली होती. नाणी विकली जाण्याआधी करणाऱ्याने स्वतः सगळी परत आणली, अधिकाऱ्यासमोर प्रत्येकावर खूण ठोकली आणि स्कॅन नष्ट केलं, तर तुरुंग नाही. दंड आणि वर्षभर परवाना बंद.

आम्ही घराघरांतून फिरलो. बाजारात टाकणाऱ्या दोन्ही घरांतली मुलं ओशाळून गेली. आजोबांच्या काळातलं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. तिसऱ्या घरी ती मुलांच्या खेळण्यांत सापडली. जगताप काकूंनी आपली देवघरात ठेवली होती, हळदकुंकू वाहून. "एवढ्या प्रेमाने दिलेलं वाण," त्या म्हणाल्या. "परत मागायला आलात?" पण त्यांनी दिली.

चार बायकांकडच्या चार. आणि आईच्या हातातली एक.

दुकानात काउंटरवर कापड अंथरून उन्मेषने त्या मांडल्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"उन्मेष," मी म्हटलं, "मी चारच केल्या होत्या."

त्याने यंत्राची नोंद उघडली. खूण ठोकलेल्या त्या दोघी सोडल्या तर चारच. समोर पाच होत्या. बाबांची शिवराई हरवलीच नव्हती. आईने ती कुठेतरी नीट ठेवली होती, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी तिला जे जे कुठे ठेवलं ते सगळं आठवलं. नवरा जिवंत आहे या आनंदात तिने ते सगळं लुटून टाकलं.

"यातली एक बाबांची आहे," मी म्हणाले. "ती सोड. तिच्यावर ठोकायला लावू नकोस. ती प्रतिकृती नाहीच, तुझा कायदा तिला लागूच होत नाही."

"कुठली?" उन्मेष म्हणाला.

मी एकेक उचलली. भिंगाखाली धरली. वजन केलं, वाजवून पाहिली, पोतदारांच्या पोरीसारखी. अंगठा घालून पाहिला. पाचही वेळा बाबाच लागले.

"सांग ना ताई, कुठली सोडू?" त्याने कापड माझ्याकडे सरकवलं. "तू दाखव, मी सोडतो. मग माझी नोकरी गेली तरी चालेल."

पाचही त्याने पुण्याला नेल्या, कार्यालयाच्या प्रयोगशाळेत जे जे करता येतं ते सगळं केलं आणि आठवड्याने परत घेऊन आला. अहवाल एका ओळीचा होता: पाचही नाणी अस्सल. माझ्या यंत्राची याहून मोठी तारीफ कुणी केली नसेल. पण चार मीच केल्याचा कबुलीजबाब माझ्या सहीने कागदावर होता, आणि जिथे वेगळं करता येत नाही तिथे सगळीच प्रतिकृती धरायची, असं कलम होतं.

एक उपाय उरला होता. आम्ही वर गेलो. आई खिडकीशी बसली होती, रिकामा अंगठा बोटांवर चोळत. उन्मेष तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पहिली शिवराई तिच्या तळहातावर ठेवली. आईने अंगठा फिरवला.

"ही यांची."

दुसरी ठेवली. "ही यांची."

तिसरी. चौथी. पाचवी. प्रत्येक वेळी तेच, तितक्याच आनंदाने. मग तिने पाचही पदरात घेतल्या आणि उन्मेषकडे बघून म्हणाली, "तुमचे वडील आहेत का हो घरी?"

"आहेत," उन्मेष म्हणाला. "येतीलच एवढ्यात."

पाचही तिच्या पदरातून सोडवून आम्ही खाली आलो. कायद्याने खूण प्रत करणाऱ्यानेच ठोकायची असते. मी ऐरण पुढे ओढली, पंच धरला, हातोडी उचलली. खळग्यापासून शक्य तेवढा दूर धरला, पण शिवराई ती केवढीशी. वर्तुळाची कड खळग्यात उतरतेच. पहिली ठोकली. दुसरी ठोकली. यातली एक बाबांची आहे आणि कुठली ते मला कळणार नाही, हे प्रत्येक घावाला आठवत होतं. चौथ्या घावाला उन्मेष पाठ फिरवून उभा राहिला. कायद्याप्रमाणे त्याने बघायला हवं होतं.

मग स्कॅन. स्क्रीनवर बाबांचा खळगा मोठा होऊन फिरत होता. यंत्राने विचारलं, कायमचं काढून टाकायचं? मी होय म्हटलं.

त्यानंतरचे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत असं मी म्हणेन. आईने पाचही फेकल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा फेकल्या. "हिला भात लागलाय, हिलाही लागलाय, कुणी केलं हे?" ती दारात उभी राहून बाबांना हाका मारायची. घसा बसेपर्यंत मारायची. औषधाने तिला झोप लागे, पण झोपेतही अंगठा हलत असे. दर रविवारी उन्मेष येऊन तिच्यापाशी बसायचा आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याने मला वाचवलं होतं, हे मला कळत होतं. तरीही बोलत नव्हते.

मग एका सकाळी लताबाई देवाची तांब्याची भांडी घासायला बसल्या होत्या. आई त्यांच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली. तिने पाचांतली एक शिवराई उचलली, चिंच-मिठाचा गोळा घेतला आणि घासायला लागली.

"भात निघेल," ती म्हणाली. "वाळलाय, म्हणून वेळ लागतोय."

नाण्यांच्या दुनियेत नाणं घासण्याइतकं मोठं पाप नाही. जन्मभर मी गिऱ्हाइकांना तेच बजावत आले. मी पुढे झाले आणि थांबले. आई किती दिवसांनी काहीतरी करत होती.

त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. सकाळी चिंच-मीठ, मग दिवसभर पदराच्या टोकाने, मग अंगठ्याने. खुणेवरून अंगठा मागे-पुढे, मागे-पुढे. बाबांच्या खळग्यात तिचा अंगठा आता जात नव्हता. तो त्याच्या शेजारी, "प्र"वर फिरत होता. बाकीच्या चार मी ड्रॉवरमध्ये टाकल्या. तिने त्या मागितल्या नाहीत. तिने घेतली ती खरी म्हणून घेतली की नुसती हाताशी होती म्हणून, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

हळूहळू तिचे शब्द गेले. मग "हे" पण गेले. शेवटी शेवटी ती कुणाचीच वाट बघत नव्हती, नुसती चोळत होती. असं अडीच-तीन वर्षं चाललं. माझा परवाना परत आला, यंत्र पुन्हा सुरू झालं. उन्मेषशी माझं बोलणंही सुरू झालं, आधी औषधांपुरतं आणि मग सगळंच.

आई गेली ती सकाळी, चहाच्या वेळेला. मूठ मिटलेली होती. मी तिचं एकेक बोट सोडवलं.

शिवराई लालभडक झाली होती, नव्या पैशासारखी. एका बाजूला बाबांचा तिरका खळगा, पुसट झालेला. त्याच्या शेजारी दुसरा, लहान, उथळ, सरळ. "प्र" नव्हतं. वर्तुळ नव्हतं. आईने भात काढला होता.

उन्मेषने ती हातात घेतली. आधी एका खळग्यात अंगठा ठेवला, मग दुसऱ्यात.

"खूण गेलीय," तो म्हणाला.

मी भांडायच्या तयारीतच होते. पुन्हा ठोकायला सांगितलं असतं तर विचारणार होते, की ही कशाची प्रतिकृती आहे ते दाखव, असे दोन अंगठे असलेली दुसरी शिवराई जगात कुठे आहे ते दाखव. पण त्याने सांगितलं नाही. नुसती माझ्या हातात परत दिली.

अस्थी माहुलीला संगमावर न्यायच्या होत्या. शिवराई आईबरोबरच सोडायची असं आमचं ठरलं होतं. मी कलश घेऊन जिना उतरले. उन्मेष मागे होता, शिवराई त्याच्या मुठीत होती. दुकानाच्या शटरपाशी तो थांबला.

"ताई."

"काय?"

"यंत्र चालू आहे ना?"

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कुलपाकडे बघत होता.

"एकदा स्कॅन घेऊन ठेव ना," तो म्हणाला. "फक्त स्कॅन. काढायची नाही प्रत. नुसतं असू दे आपल्याजवळ." मग जरा वेळाने, "काढलीस तरी एकच. खूण न ठोकता. मला दे. मी कुणाला दाखवणार नाही गं."

माझा भाऊ, साताऱ्यापासून पुण्यापर्यंत ज्याला व्यापारी घाबरतात तो, कपाळाला भस्म लावून माझ्या दुकानाच्या दारात लहान पोरासारखा उभा होता. माझ्या कमरेला किल्ली होती. मला ते करता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम.

"नको," मी म्हटलं. "आज एक करशील. मग ती हरवेल म्हणून दुसरी. आणि मग एक दिवस पाच समोर असतील, आणि आईची कुठली ते आपल्याला सांगता येणार नाही."

तो मागे फिरला. गाडीत बसला.

माहुलीला पाणी कमी होतं, पण वाहतं होतं. अस्थी सोडल्या. फुलं सोडली. उन्मेष गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि मूठ काही उघडेना. गुरुजी दोनदा म्हणाले, "सोडा आता." मी पाण्यात उतरले आणि आईची सोडवली होती तशीच त्याचीही बोटं एकेक करून सोडवली. शेवटचा अंगठा राहिला. तो त्या लहान खळग्यात रुतलेला होता.

शिवराई पडली तेव्हा आवाजही झाला नाही. लाल रंग क्षणभर दिसला आणि गढूळ पाण्यात गेला.

घरी आलो तेव्हा जगताप काकू दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. आत शिरण्याआधी हातपाय धुवायचे असतात. मी धुतले. उन्मेषने पाय धुतले, डावा हात धुतला. उजव्या अंगठ्याला चिंचेचा आणि तांब्याचा वास होता. तो हात त्याने पाठीमागे धरला आणि तसाच घरात गेला.